समाजरत्नाचं कुलूप

गोटीरामशेठनं आयुष्यभर एकच गोष्ट मन लावून जपली, ती म्हणजे स्वतःचं मोठेपण. ते मुळात इतकं थोडं होतं, की जपणं भागच होतं.

जमीन सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरनं बिल्डिंग चढवली आणि खालचे गाळे, वरच्या खोल्या याच्या नावावर झाल्या. यात गोटीरामचं कर्तृत्व काय, तर सही. पण ती सही केल्यापासून शिरवण्याच्या गल्लीतून तो असा चालायचा, जणू सगळी बिल्डिंग त्यानंच डोक्यावरून वाहून आणली होती. पांढरे कपडे, पांढरे बूट, खिशाला दोन पेनं. या पेनांचं जागृतीला लग्न होऊन आल्यापासून कोडं होतं, कारण सासऱ्याला तिनं लिहिताना कधी बघितलंच नव्हतं.

मग एकसष्टी जवळ आली आणि गोटीराम लिहायला बसला, तेही थेट कंप्युटरवर.

घरात कंप्युटर एकच, खालच्या गाळ्यात. सकाळी दिपेश, म्हणजे गोटीरामचा मुलगा आणि जागृतीचा नवरा, त्याच्यावर भाड्याच्या खोल्यांचे करार करायचा. दुपारी जागृती लग्नपत्रिका आणि सोसायट्यांच्या नोटिसा टाइप करून द्यायची. संध्याकाळची वेळ आता गोटीरामनं घेतली. एकसष्टीला गौरव अंक काढायचा, त्यात मान्यवरांनी आपल्याविषयी चार शब्द लिहायचे, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं. मान्यवरांना फोन गेले. मान्यवर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "तुमीच लिवा शेठ, आपला नाव टाका खाली," असं सांगून ते मोकळे झाले. नगरसेवक हौसेरावांनी तर फोनवर जांभईही लपवली नाही.

म्हणून आपली स्तुती गोटीराम आपणच लिहू लागला. डॉक्टरांच्या नावानं लिहिताना तो स्वतःला 'समाजाची नाडी ओळखणारा' म्हणायचा, गुरुजींच्या नावानं लिहिताना 'चालतंबोलतं विद्यापीठ'. एका बोटानं टाइप करता करता प्रत्येक शब्द पुटपुटायचा आणि वाक्य पुरं झालं की खुर्चीत मागे रेलून खूष व्हायचा. चहा द्यायला गेलेल्या जागृतीला हसू दाबून धरावं लागायचं.

टाइप करायला तिनंच त्याला शिकवलं होतं. मराठी उमटवायला आधी कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं, की कोपऱ्यात हिरवा दिवा लागतो. दिवा चालू तर मराठी, बंद तर इंग्रजी. गोटीरामनं दिवा एकदा चालू केला तो केलाच. इंग्रजी आपल्याला लागतंय कशाला, असा त्याचा रोकडा हिशेब होता.

एवढं सगळं कुणी वाचलं तर पंचाईत, हे मात्र त्याच्या लक्षात आलं. मान्यवरांच्या लेखांना घरचा वास येतोय, हे गावात फुटलं असतं तर छी-थू झाली असती. मोरा गावच्या शौकतनं गोटीरामला कंप्युटर विकला होता. त्यालाच गोटीरामनं बोलावून घेतलं. शौकतनं फाईलला पासवर्ड कसा लावायचा ते दाखवलं आणि सौजन्यानं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"एकदम टाइट काम हाय, शेठ," तो म्हणाला. "पन भुललात तर मी पन काय करू शकनार नाय."

गोटीरामनं पासवर्ड टाकला. तो टाकतानाही पुटपुटलाच. चौकटीत अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या उमटल्या आणि त्या त्याच्या शब्दातल्या अक्षरांपेक्षा जास्त भरल्या. कुलूप भारीतलं आहे म्हणून तो आणखीच सुखावला.

त्या दिवसापासून घरात रहस्यकथा सुरू झाली. कुणी गाळ्यात शिरलं की शेठ खांद्यावरचा टॉवेल स्क्रीनवर टाकायचा. जेवणाच्या पंगतीत काय करायचं त्या फाईललासुद्धा त्यानं पासवर्ड लावला. वास्तविक त्याच्या फाईलीत डोकावायची इच्छा घरात कुणालाच नव्हती. दिपेशला वेळ नव्हता, जागृतीला कंटाळा होता, आणि गोटीरामची बायको गोजरा हिला वाचता येत नव्हतं.

पण पोटात गोष्ट ठेवण्याइतकं गोटीरामचं पोट मोठं नव्हतं. एका रात्री ताटावर बसल्या बसल्या तो बायकोला म्हणाला, "तुजा पन लेख हाय अंकान. माइकवाला बंडू स्टेजवर वाचनार. लोका रडतीन बघ."

गोजरा भाकरी थापत होती. "माजा? मी कवा लिवला?"

"तुज्या वतीनं मीच लिवला."

"काय लिवलाय?"

"छापून आला का ऐक. सिक्रेट हाय."

डॉक्टरांना त्यानं विचारलं होतं, गुरुजींना विचारलं होतं, जांभई देणाऱ्या हौसेरावांनासुद्धा विचारलं होतं. जिचं नाव फुकट वापरायचं, तिला तेवढं विचारलं नव्हतं. गोजरानं भाकरी तव्यावर टाकली. पण आपल्या तोंडात काय घातलंय ते आपल्यालाच ठाऊक नाही, आणि ते सगळ्या गावासमोर वाचलं जाणार, हे तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी गोटीराम आमंत्रणं द्यायला तळवलीला गेला, तशी ती गाळ्यात येऊन जागृतीच्या शेजारी बसली.

"मी काय बोललंय तो मना वाचून दाखव," ती म्हणाली.

"आई, पासवर्ड लावलाय बाबांनी."

"तुला नाय ठावं?"

जागृतीला ठाऊक होता. सासरा रोज संध्याकाळी तो पुटपुटत होता: समाजरत्न. ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती. अंकाच्या मुखपृष्ठावर तीही तोच छापणार होता. जागृतीनं शब्द टाइप केला. फाईल उघडेना. पुन्हा केला, तरी उघडेना. मग तिचं लक्ष कीबोर्डच्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिला हसूच फुटलं. दिवा बंद होता, सकाळी दिपेशनं इंग्रजीत करार केले होते. शेठनं कुलूपसुद्धा मराठीत लावलं होतं. तिनं दिवा लावला, तोच शब्द पुन्हा टाइप केला, आणि समाजरत्नाची फाईल निमूट उघडली.

'माझे पतिदेव' असा मथळा होता. जागृती वाचू लागली. "माझे पतिदेव म्हणजे साक्षात देवमाणूस. गावात पाणी नव्हते तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग केला, अधिकाऱ्यांना धारेवर धरले आणि गावात नळ आणला. मी अडाणी बाई, मी फक्त हंडा भरला. त्यांच्या चरणांशी मला जागा मिळाली, हेच माझे भाग्य."

वाचता वाचता जागृतीला सासऱ्याची किळस आली. नळाची हकिकत गावात पोराटोरांना ठाऊक होती. पाइपलाइन गावाला वळसा घालून नव्या बिल्डिंगांकडे गेली, तेव्हा गोजरानं बायका जमवल्या, रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या ऑफिसच्या पायरीवर बसवल्या. ढकलाढकलीत रंगूबाई पडली आणि तिचा हात मोडला. तरी एकही बाई उठली नाही. गोटीराम त्या दिवशी अंग दुखतंय म्हणून घरात झोपला होता. नळाला पाणी आलं तेव्हा मात्र त्याचं अंग एकदम बरं झालं आणि गळ्यात हार घालून तो फोटोला उभा राहिला.

"फक्त हंडा भरला, असा लिवलाय?" गोजरानं विचारलं.

"हो, आई."

"रंगूबाईचा नाव?"

"नाही."

गोजरानं स्क्रीनकडे असं बघितलं, जणू ती अक्षरं तिला वाचता येत होती. मग म्हणाली, "पूस तो. मी सांगतंय तसा लिव."

दिपेशला कळलं तर काय, सासऱ्याला कळलं तर काय, हे जागृतीच्या मनात येऊन गेलं. पण सासूच्या आवाजात असं काही होतं, की तिचे हात आपोआप चालू लागले. गोजरानं सांगितलं, तिनं एक अक्षर न बदलता उतरवलं. मजकूर सासऱ्याच्या लेखापेक्षा लहान भरला, म्हणून पान भरायला तिनं टाइप मोठा केला. मग फाईल बंद केली. पासवर्ड जागच्या जागी होता.

गोटीरामनं छापायला देण्याआधी फाईल उघडली, सगळी पानं प्रिंटरवर काढली आणि स्वतःबद्दलचे लेख डोळे भरून पुन्हा वाचले. बायकोचं पान त्यानं न वाचताच उलटलं. कुलूप शाबूत होतं, म्हणजे आतला मालही शाबूत. शिवाय बायको काय म्हणते हे त्यानं जन्मात कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिच्या नावानं स्वतः लिहिलेलं वाचायलाही त्याला गोडी नव्हती. प्रेसमधून प्रूफं आली, तेव्हा त्यानं फोटो तेवढे तपासले.

एकसष्टीला मैदानात मंडप पडला. हौसेराव आपल्या लेखाबद्दल टाळ्या घेऊन बसले होते. भाषा फारच सुरेख उतरलीय, असं त्यांना दोघांतिघांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. मग सूत्रसंचालक बंडूनं कोराकरकरीत अंक उघडला, आवाजात कढ आणला आणि म्हणाला, "आता वहिनींचे शब्द, वहिनींच्याच भाषेत."

"माजा नाव गोजरा. मना लिवता येत नाय, सून लिवतंय," बंडूनं वाचलं. "नल मी आनि गावच्या बायांनी आनला. आमी रिकामे हंडे घेऊन पायरीवर बसलो. रंगूबाईचा हात मोडला, तो आजून वाकडा हाय. हे त्या दिवशी घरान निजले होते."

बंडूचा कढ विरला. गोटीराम खुर्चीतून अर्धा उठला. "हा लेख..." तो म्हणाला. बंडूनं लगेच माइक त्याच्यापुढे धरला. सगळा मंडप कानात प्राण आणून बसला.

काय सांगणार? की हा लेख बायकोनं लिहिलेला नाही? मग मूळ लेख कुणी लिहिला होता? आणि बाकीचे कुणी लिहिले? हौसेरावांनी मान वळवून त्याच्याकडे अशी नजर टाकली, की आपण तोंड उघडलं तर सगळा अंकच उघडा पडेल, हे गोटीरामला एकाएकी समजलं. तो खाली बसला आणि माइकमध्ये म्हणाला, "वाच, फुडं वाच."

बंडूनं वाचलं. "नल आला तव्हा हे हार घालून फोटोला उभे रायले. तो फोटो या अंकान असंल. ह्यांच्याबद्दल चांगला सांगाचा म्हंजे, ह्यांना बोंबलाची चटनी आवडते. ती वाढली का हे गप जेवतात. आजून काय आठवत नाय."

पहिली टाळी बायकांच्या बाजूनं पडली. रंगूबाईला वाकड्या हातानं टाळी वाजवता येईना, तिनं मांडीवर थाप मारली. मग सगळा मंडप वाजवू लागला आणि शेवटी समाजरत्नालाही हसऱ्या तोंडानं टाळ्या वाजवाव्या लागल्या.

रात्री घरी पाट मांडले. गोटीराम बसला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "फाईल उघडली कशी?"

"पासवर्ड तुमालाच म्हाईत ना, बाबा," जागृती म्हणाली. "शौकतभाई पन बोलले होते, त्यांना पन उघडता येनार नाय."

गोजरानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि शेजारी बोंबलाची चटणी वाढली. गोटीरामनं ताटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि गप जेवला. चटणी त्याला आणखी हवी होती, पण ती मागायला तोंड उघडावं लागलं असतं.