पागोळीपेक्षा उंच टाकी

आमच्या घरात मान एकाचा असायचा आणि त्याचं ओझं दुसरीच वाहायची. एका पावसाच्या पाण्याच्या टाकीने मला हे शिकवलं, आणि त्या टाकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कांजूरमार्गला टेकडीच्या उतारावर आमची बैठी चाळ होती. सार्वजनिक नळ खाली, खोली वर. त्या चढाने आईचे गुडघे खाल्ले होते. निदान पावसाळ्यात तो चढ चुकावा म्हणून तिने वडिलांकडे एकच गोष्ट लावून धरली होती, पागोळीखाली एक टाकी. कोकणात तिच्या माहेरी मागच्या दारी दगडी डोण होती, बुटकी, रुंद तोंडाची. तांब्या बुडवला की पाणी हातात. तशीच सिमेंटची टाकी तिने बाजाराच्या वाटेवरच्या दुकानात हेरून ठेवली होती.

वडील तयार झाले, पण टाकी निवडायला गेले मोठे काका. गिरणी बंद पडल्यापासून ते आमच्याकडेच राहायला आले होते. त्यांना विचारल्याशिवाय घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. आईला कोणी विचारलंच नाही.

काकांनी आणली पत्र्याची उंच टाकी, खाली पितळी तोटी असलेली. टाकी जेवढी उंच तेवढा तोटीला जोर, असं त्यांचं म्हणणं. हमालांनी ती दाराशेजारी उभी केली. आमचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना प्रत्येकाला वाकावं लागे. टाकीचं तोंड पागोळीच्याही वर, चांगलं वीतभर.

थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. आई दाराआड राहिली आणि तिचं म्हणणं मी पुढे केलं. "आई विचारतेय, पाणी वर कसं चढणार?"

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या आवशीक सांग, माजो जन्म गिरणीत गेलो. टाकी कशी बसवूची ता माका म्हायत आसा."

ते तंबाखू आणायला बाहेर पडल्यावर आई वडिलांवर भडकली. टाकी परत करा म्हणाली. वडिलांनी आधी दाराबाहेर बघून घेतलं. मग म्हणाले, "गिरणी गेली त्याची. आता घरात शब्दही खाली पाडायचा का त्याचा?"

पाऊस सुरू झाला. पागोळ्यांनी टाकी बाहेरून लखलखीत धुऊन काढली, आत ठणठणीत कोरडी. झाकली मूठ राहावी म्हणून वडिलांनी उपाय काढला, म्हणजे आईसाठी काम काढलं. तिने पागोळीखाली बादल्या लावायच्या, भरल्या की स्टुलावर चढून टाकीत ओतायच्या. काकांनी तोटी सोडली की पाणी आलं पाहिजे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. आमच्याकडे पोहराच आड भरत होता.

काकांना कळलं नसेल, असं मी कधीच मानलं नाही. ते दाराशीच खाटेवर बसत. आई गुडघा धरून स्टुलावर चढायला लागली की ते पेपर जरा वर धरत. नंतर त्याच तोटीवर पाय धुवत आणि आलेल्या-गेलेल्याला टाकी दाखवत. आणि पावसाळा सरला की आई पुन्हा खालच्या नळावर. अशी कितीतरी वर्षं गेली.

काका वारले. तेराव्याला जेवायला आलेले नातेवाईक म्हणाले, जाताना माणूस घरात पाणी आणून गेला. आई वाढत होती. तिने पानात भाताची मूद टाकली आणि पुढे सरकली.

पाहुणे पांगल्यावर वडील तिच्याजवळ आले. खाली बघत म्हणाले की आता ती टाकी भंगारात देऊन टाकू, तुला हवी तशी बुटकी आणू.

"नको," आई म्हणाली. "राहू दे तिथेच. मला ती रिकामी बघायची आहे."