गवताखालची ऊब

कोळशाची खाण बंद पडली तेव्हा तिथे राबणारा माळीणबाईंचा नवरा घरी बसला आणि बाई कामाला लागल्या. खाणीचं आता वारसास्थळ झालं होतं. माणसांचा पाळणा खाली सोडणारा जुना लोखंडी मनोरा रंग लावून मिरवत होता, आणि खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर हिरवीगार बाग उभी राहिली होती. वारसास्थळ सांभाळणारे साहेब तिला 'आपली बाग' म्हणत. खुरपं मात्र एकट्या बाईंच्या हातात असे.

त्या थंडीत बाईंना बागेत एक विचित्र जागा सापडली. सगळीकडे दव पडे, तिथे नाही. हात टेकला तर जमीन कोमट. बाईंनी झटकन हात मागे घेतला. ढिगाऱ्यात दगडांबरोबर बारीक कोळसाही गेलेला असतो आणि तो आतल्या आत पेटतो, हे खाणकामगाराच्या बायकोला कोणी शिकवायला नको. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस जमीन खचते.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं की बागेला टाळं, आणि बागेला टाळं म्हणजे फाटकाजवळच्या लेकीच्या चहाच्या दुकानालाही टाळं. जावई सोडून गेल्यावर पोरीने मोठ्या कष्टाने ते उभं केलं होतं. बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. नवऱ्यालाही कळू दिलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. रोज सकाळी लोक यायच्या आत त्या तिथलं पिवळं गवत काढून दुसरीकडची हिरवळ लावत आणि दिवसभर जीव मुठीत धरून आसपास घुटमळत. कोणी बसायला आलं की म्हणत, "तिकडं नको हो, मुंग्या आहेत." एवढ्या गारठ्यात मुंग्या फक्त बाईंनाच दिसत होत्या. लोक हसून पुढे जात. बाईंना रात्री झोप लागत नसे.

एका दुपारी त्या रोपं आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर लेक त्याच जागेवर दुपटं अंथरून तान्ह्या नातीला थोपटत बसलेली.

"आई, इथं बघ किती छान ऊब आहे! दुकानात गारठते गं ही. आता रोज इथंच निजवीन."

बाईंच्या हातातली रोपं गळून पडली. धावत जाऊन त्यांनी पोर उचललं.

"ऊठ! ऊठ आधी तिथून!"

"अगं, पण झालं काय?"

"खाली आग आहे. जमीन कधीही खचेल." बाईंना धाप लागली होती. "महिना झाला मला कळून."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "महिना? रोज लोकांची पोरं खेळतात इथं. आणि तू गप्प राहिलीस?"

"तुझं दुकान गेलं असतं गं..."

लेकीने तान्हीला बाईंच्या हातातून काढून घेतलं. बाईंनी एवढा वेळ तिला छातीशी घट्ट धरलं होतं, ते हात तसेच राहिले. लेक तरातरा फाटकाशी गेली. दुकानाचं शटर तिने एका हाताने खाली ओढलं आणि पोर कडेवर घेऊन, येणाऱ्या माणसांना परत पाठवायला लागली.

बाई साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.