चुंबळीवरचा पेला

कारभारींना मी पहिल्यांदा पाहिलं ते चौदा नोव्हेंबरला, सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. आमच्या फाटकापाशी ते गाडीचे आरसे पुसत होते. वय पंचावन्नच्या आसपास, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. माझ्या मुलाचा, रविराजचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून चार दिवसांसाठी त्यांना गाडी चालवायला बोलावलं होतं. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण मी रोज डायरी लिहिते. अठ्ठावन्न वर्षं झाली.

जायचं होतं नाशिकहून धारवाडला, माझ्या थोरल्या बहिणीकडे. ताई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची नजर महिन्यागणिक कमी होते आहे. "मला दिसतंय तोवर पोरांना घेऊन ये," असं ती दिवाळीला फोनवर म्हणाली होती. अडचण एकच. सहा वर्षांच्या हर्षालीला, माझ्या नातीला, गाडी लागते. गेल्या वर्षी आम्ही सिन्नरहून परत फिरलो होतो. या खेपेला रविराजने आधीच बजावलं, "आई, पुण्याच्या आत दोनदा उलटी झाली तर गाडी वळवायची. पोरीचे हाल करून मला कुठंही जायचं नाही."

पहिली उलटी सिन्नरच्या बरीच अलीकडे झाली. सहा पन्नास.

कारभारींनी गाडी कडेला घेतली. "सकाळी काय खाल्लं पोरीनं?"

"दूध आणि तुपातला शिरा," माझी सून राखी म्हणाली.

"शिरा कुणी चारला?"

मीच. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रिकाम्या पोटी कोणाला फाटकाबाहेर सोडत नसत. ती शिस्त मी घरात आजवर चालवली आहे. मी तसं सांगितलं.

"मावशी, तुमच्या फाटकाबाहेर घाट नसंल," कारभारी म्हणाले. राखीने तोंडाला पदर लावला.

त्यांनी आपल्या डब्यातून नागलीच्या भाकरीचा कडक तुकडा काढला, वर मिठाचे चार खडे ठेवले आणि हर्षालीला दिला. "चघळायचा. गिळायची घाई नाय." मग ओल्या फडक्याची चुंबळ वळून ती डॅशबोर्डवर बसवली, तिच्यावर स्टीलचा पेला ठेवला आणि तो काठोकाठ भरला. हर्षालीला मधल्या सीटवर मध्यभागी बसवून पट्टा लावला. "आजपासून तू माझी क्लीनर. पेल्यातलं पाणी सांडलं की ओरडायचं. सांडलं तर माझा चहा बंद."

"आणि मी?" तिच्या धाकट्या भावाने, तीन वर्षांच्या रुद्रने विचारलं.

"तू मालक. तू झोप."

आणि तो खरोखर झोपला.

संगमनेरला चहा झाला, म्हणजे पाणी सांडलं नव्हतं. तिथे कारभारींनी स्वतःबद्दल थोडं सांगितलं. गाव सुरगाण्याकडचं. बावीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. भात-नागली निघाली की माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायची. जीपमध्ये सतरा-अठरा जण, बायांच्या मांडीवर पोरं. "एका बाईचं तान्हं सगळी वाट वकलं. उतरताना ती म्हणली, तू जीप चालवतो का दही घुसळतो? लय लागलं मनाला." मग त्यांचे उस्ताद खंडेराव यांनी पेल्याची युक्ती शिकवली. पाणी सांडलं, त्या दिवशी उस्तादही चहा देत नसत. पुढे घरोघरी मोटरसायकली आल्या, जीप भरेना, आणि कारभारी नाशिकला आले.

संगमनेरनंतर चंदनापुरीचा घाट लागला. पुढे उसाचा ट्रॅक्टर.

"कारभारी, काढा की पुढे," रविराज म्हणाला.

"साहेब, लवकर पोचायचंय का समद्यांनी पोचायचंय?"

तिसऱ्या वळणावर हर्षाली गप्प झाली. ओठ पांढरे पडले. राखीने पिशवी उघडली. रविराजने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरची डायरी मिटून पेनाचं टोपण लावलं. ताईला फोनवर काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवू लागले होते.

"ए क्लीनर! पाणी कुठवर हाय?"

हर्षालीने मान वर केली. "काठापर्यंत."

"हालतंय का?"

"थोडं. सांडलं नाही."

"नजर काढू नको. वळण येतंय."

तिने नजर काढली नाही. घाट संपला तेव्हा तिने खोल श्वास घेतला आणि भाकरीचा आणखी तुकडा मागितला. राखीने पिशवीची घडी घातली.

पेल्याने उलटी कशी थांबली, असं नारायणगावला मी विचारलं, तेव्हा कारभारी हसले. "पोर खाली मोबाइलात बघती, म्हणून पोट ढवळतं. पुढं बघ म्हणलं तर बघत नाय. काम दिलं की बघती."

पुणे ओलांडल्यावर, जेवायला थांबताना ओतून टाकलेला पेला रविराजने स्वतःच्या डाव्या हाताने पुन्हा भरला. रात्री साताऱ्याला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला धारवाड. ताईने हर्षालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. "नाक आपल्या आईचं," ती म्हणाली. "आणि ओठाला काय लागलंय?"

"भाकरी," हर्षाली म्हणाली.

संध्याकाळी मी ओसरीवर डायरी लिहीत होते. कारभारी पेला विसळून आले आणि उभे राहिले.

"मावशी, माझंबी लिवलं का?"

मी वाचून दाखवलं. "उलटी एक, तीही माझ्या शिऱ्याने. पाणी सांडलं एकदा, कोल्हापूरच्या पुढे, गतिरोधकावर."

त्यांनी जरा विचार केला. "त्या गतिरोधकाला पट्टे नव्हते. तेवढं लिवा."

मी लिहिलं.