पटसंख्या एक

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका शाळांवर रागावलेला आणि शाळेवाचून जगू न शकणारा माणूस अख्ख्या वसईत दुसरा सापडायचा नाही. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि "हल्ली सगळ्यांनाच वर ढकलतात" एवढ्या कारणावरून, पाचवी झालेल्या नातीला त्यांनी शाळेतून काढून निर्मळच्या आपल्या वाडीत आणलं. तिचे आईवडील मस्कतला. त्यांनी विरोध करायचा तो फोनवरून, आणि फोन मास्तर उचलत नसत.

मग केळींच्या सावलीत शाळा भरू लागली. नात दोन हातांवर बसलेली असायची, तरी मास्तर हजेरीपटातून तिचं पूर्ण नाव वाचत आणि "हजर" ऐकल्याशिवाय खूण करत नसत. एकदा ती तापाने आतल्या खोलीत झोपली, तर रजेचा अर्ज आला नाही म्हणून शेरा पडला. घरी शिकवणाऱ्यांवर सरकारने नियम घालावेत का, असा वाद एकदा वाचनालयात निघाला. "काही देखरेख नको का हो, मास्तर?" एका बाईंनी विचारलं. "हवीच. दर महिन्याला अचानक तपासणी होते आमच्याकडे." हे खरं होतं. महिन्यातून एकदा मास्तर कोट चढवून, फाटकातून आत येऊन, स्वतःचीच शाळा तपासत. शेरे बहुधा प्रतिकूल असत.

अशी चार वर्षं गेली. नातीला मात्र अकरावीला कॉलेजात जायचं होतं, आळीतल्या मुलींबरोबर. त्यासाठी बाहेरून दहावीला बसायचं, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म, आणि त्यावर पालकाची सही. मास्तरांनी अट घातली, आधी माझ्या परीक्षेत पास हो. गणितात तिला चौतीस पडले. पास पस्तिसाला.

"आबा, एक मार्क! बोर्डसुद्धा देतं."

"बोर्ड देतं म्हणून तर तुला घरी आणली."

"मग घेत बसा माझ्या एकटीची हजेरी जन्मभर!" असं म्हणून ती वाडीत निघून गेली.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी डोकावलो, तर मास्तर तोच पेपर पुन्हा तपासत बसलेले. दुपार टळल्यावर चष्मा काढून म्हणाले, "आठवा प्रश्नच चुकलाय माझा. सगळ्या विद्यार्थ्यांना त्याचे मार्क द्यावे लागतील." आणि सही केली. घरी येऊन मी तो आठवा प्रश्न सोडवून पाहिला. त्यात काडीची चूक नव्हती.

नात बोर्डातही पास झाली. आता सकाळी जाते ती संध्याकाळी उगवते, आणि आल्यावरही मैत्रिणींशी फोनवर हसत असते. परवा केळींना पाणी सोडता सोडता मास्तरांनी मला विचारलं, "मधल्या सुट्टीत काय बोलत असतील हो या मुली?"

"काहीही," मी म्हणालो.

त्यांनी पाणी पुढच्या केळीकडे वळवलं. "मीही द्यायचो तिला अर्धा तास. घड्याळ लावून द्यायचो. पण त्यात ती एकटी काय करायची, ते कधी बघितलंच नाही."