टॉवेलाआड

नव्वदच्या दशकात रविवारी मुरबाडजवळच्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या आणि शनिवारपासूनच माझं कामात लक्ष नसायचं. तिथे डोळखांबकडून एसटीने येणारा एक म्हातारा दर खेपेला शेजारी उभा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गाड्या सुटल्या की तो पोरासारखा उड्या मारायचा, शीळ घालायचा. त्या जवळ आल्या की मात्र खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवायचा. मला काही उमगेना. एवढ्या लांबून यायचं आणि बघायचं नाही?

शेवटी विचारलंच.

"माझा बैल इकला ना रे, तो इकडंच पळतो," तो म्हणाला. "मला बघून थांबला तर हरल ना."

"कुठला तुमचा?"

"ते नाय सांगायचं."

पुढच्याच शर्यतीत एक तांबडा बैल भरधाव येताना आमच्यासमोर एकदम थबकला. गाडीवाला शिव्या घालू लागला. बैल मान वळवून आमच्याकडेच बघत होता. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

टॉवेलाआडूनच तो म्हणाला, "हा नाय."

खरं काय, मला अजून कळलेलं नाही. गाडी गेली, धुरळा बसला, तरी टॉवेल काही खाली आला नाही.