न गळणारा वाफा

पत्र्याची कुठलीही वस्तू समोर आली की काका आधी ती वाजवून बघत. मधलं बोट वाकवायचं, त्याच्या पेरानं दोनदा टकटक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. गिऱ्हाईक मध्येच बोलायला लागलं की डावा हात वर. "थांबा. बोलू द्या त्याला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या बोटाखाली आमची झारी होती. मी सहावीत होते. वडील तीन वर्षांपूर्वी गेले होते, आणि आईनं मखमलाबादच्या बाजूला दुसऱ्याचा अर्ध्या एकराचा तुकडा कसायला घेतला होता. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची आणि पंचवटीच्या बाजारात गोणपाट टाकून उकिडवं बसायचं. आईचा सगळा दिवस उकिडवाच जायचा. पेरताना उकिडवी, खुरपताना उकिडवी, विकताना उकिडवी. घरी येऊन चुलीपुढं बसायची तीही तशीच. त्या झारीचं बूड फुटलं आणि नवी घ्यायची तर माझी पुस्तकं पुढच्या महिन्यावर जाणार होती. म्हणून आम्ही दोघी बाजारामागच्या बोळात पत्र्याची कामं करणाऱ्या काकांच्या दुकानात उभ्या होतो.

टकटक. मान तिरकी. "बूड गेलंय. अंग चांगलं हाय."

त्यांनी बुडाला पत्र्याचा तुकडा बसवला, कडेनं डाख लावून सांधा बंद केला, झारी काठोकाठ भरली आणि तिच्याखाली कोरडा तळहात धरून बसले. आम्ही ताटकळत उभ्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढून आम्हाला दाखवला. कोरडा. "माझ्या हातचं गळत नाय."

आई पदराची गाठ सोडायला लागली तर म्हणाले, "राहू द्या वैनी. उद्या कोथिंबिरीची एक जुडी द्या. ताजी द्या, कालची नको."

"माझ्याकडं कालची नसतीच," आई फणकारली.

"मग भांडताय कशाला?"

हे भांडण पुढं पंधरा-सोळा वर्षं चाललं, शब्दसुद्धा तेच.

असे कारागीर तुमच्याही गावात असतील. नसले तर होते, एवढं नक्की. काकांच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. छताला डबे आणि बादल्या टांगलेल्या, भिंतीला धान्याच्या कोठ्या. पुढं समोरच प्लास्टिकच्या डब्यांचं दुकान झालं. काका त्या डब्यांनाही जाता-येता बोटानं वाजवून बघायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "मुकं हाय रे तुझं सगळं." तो हसायचा. त्याचा धंदा जोरात होता, त्याला हसायला काय झालं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारता सगळीकडं सांगते, इथंही सांगितलं. बी.एस्सी. ॲग्री. निकालाच्या दिवशी काकांना पेढा द्यायला गेले. त्यांनी हात शर्टाला पुसून गुणपत्रिका घेतली, उलटसुलट केली, बोटानं टकटक केली. "हे बोलत नाय," म्हणाले. पण समोरच्या प्लास्टिकवाल्याला हाक मारून बोलावलं आणि त्याला ती नीट वाचायला लावली, मोठ्यानं, सगळ्या विषयांचे मार्क. त्या दिवसापासून माझं नाव 'कॉलेज' पडलं.

मला सिन्नरजवळच्या एका रोपवाटिकेत नोकरी लागली. आम्ही पंचवटीजवळच दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलो, पुढं फरशीचं छोटं अंगण. आता सुख आलं असं मी म्हणत होते, तेवढ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. आई कसत होती त्या जमिनीवर इमारत उभी राहिली आणि आईचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही. जमिनीवर बसायचंच नाही.

आई खुर्चीत बसायला लागली. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी, अंग चोरून. हात मात्र चालू. खाटेवरच्या चादरीचे सुटलेले धागे ती एकेक करून उपटायची, तण काढावं तसे. मी दिवसभर हजारो रोपांत काम करून यायची आणि घरी माझ्या आईच्या हाताला एक पान नव्हतं. मला त्या चादरीकडं बघवेना.

मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्या तरी परदेशात एक बाई पत्र्याच्या उंच वाफ्यात भाजी लावत होती, उभ्यानं, न वाकता. शेजारी वेलांसाठी जाळीचा मांडव. मी दोन दिवस बसून आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. दोन वाफे, मध्ये चालायला जागा, भिंतीलगत मांडव. मापं, बाण, रंगीत पेन्सिली. तो घेऊन काकांकडं गेले.

"कोठी हाय ही. झाकण कुठाय?"

"झाकण नाही काका. ह्यात माती भरायची."

"माती?" त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "लोक गहू ठेवतात, तू माती ठेव. आणि हे काय, खिडकीचं ग्रील?"

"वेलांचा मांडव."

"एवढ्या नक्षीत दोडका कुठून चढायचा? इचारात पडेल तो." मग आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे माप कुणाचं?"

"व्हिडिओतलं."

"त्या बाईचे गुडघे बघितलेस? वैनीची उंची घेतलीस?"

मी घेतली नव्हती. आई घरात होती आणि मी तिचं माप परदेशातून आणलं होतं.

पुढच्या रविवारी काका खडू घेऊन घरी आले. आईला भिंतीशी उभं केलं. "हात सोडा वैनी. आता कोपरात वाकवा." कोपराच्या खाली चार बोटं सोडून भिंतीवर रेघ मारली. वाफ्याची उंची. मग तिला पलंगाच्या कडेशी उभं करून वाकू न देता हात पुढं करायला सांगितला आणि बोटं पोचली तिथं चादरीवर खूण केली. वाफ्याची रुंदी. माझ्या नकाशापेक्षा हातभर कमी भरली.

"आता हात वर करा. टाचा उचलू नका."

"शाळेत कवायत केली नाय ती आता करून घेताय भाऊ," आई म्हणाली. पण हसत होती. मी कितीतरी महिन्यांनी तिला हसताना बघत होते.

तिच्या बोटांच्या टोकाशी काकांनी तिसरी रेघ मारली. "मांडव इथवर. ह्याच्या वर गेलेला दोडका कावळ्यांचा."

मांडवाला त्यांनी माझी नक्षी लावलीच नाही. द्राक्षबागायतदारांच्या औषधाच्या टाक्या त्यांच्याकडं दुरुस्तीला यायच्या. त्यातल्या एकाकडून बागेतली जुनी तार आणली, दोन पाइपांमध्ये आडवी ताणली आणि बोटानं छेडली. तार घुमली. "हां. ही वेल धरेल."

वाफे आले त्या दिवशी मी सिन्नरला होते. घरी आले तर अंगणात विटांवर दोन्ही उभे, न गंजणाऱ्या जीआय पत्र्याचे, चकचकीत, कडा आत मुडपलेल्या, म्हणजे आईचा हात कापायला नको. आम्ही ते भरले. तळाला पंचवटीतल्या देवळांपुढून मागून आणलेल्या नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा, मग शेणखत आणि माती. आईनं मेथी पेरली. उभं राहून. पेरताना तिचा एक हात सवयीनं गुडघ्याकडं जात होता आणि गुडघा सरळच आहे हे कळून परत येत होता.

मेथी चौथ्या दिवशी उगवली. दहाव्या दिवशी पिवळी पडायला लागली.

मी चार वर्षं शिकले होते ते सगळं त्या वाफ्यावर ओतलं. माती तपासली, निंबोळी अर्क मारला. ऊन लागतंय म्हणून सावली केली. पत्रा तापून पाणी कमी पडत असेल म्हणून झारीभर पाणी जास्त घातलं, तेही मीच. मेथीनं माना टाकल्या. एका सकाळी आई वाफ्यापासून दूर येऊन खुर्चीत बसली आणि तिनं चादर मांडीवर ओढली.

"राहू दे. माझा हात गेला."

मी म्हटलं, हाताचं काय, दुसरं काही तरी असेल. ती धागा शोधायला लागली.

मी काकांना फोन केला, आणि खरं सांगायचं तर सल्ला मागायला नाही, नुसतं सांगायला केला. ते रिक्षानं आले. मेथीकडं बघितलंसुद्धा नाही. वाफ्याशी वाकून त्यांनी वरपासून बोट वाजवत आणलं. वर टकटक. मध्ये टकटक. खाली आले आणि आवाज बदलला. भरल्या माठासारखा, जड. त्यांनी मान तिरकी केली.

"पाणी हाय आत."

"काका, तळाला भोकं किती ठेवलीत?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शिवी दिली होती. "भोकं? माझ्या वस्तूला? रातभर पाणी भरून ठेवलं होतं दोन्हीत. सकाळी खालची जमीन कोरडी ठणठणीत!"

मी आत जाऊन नकाशा आणला. उंची होती, रुंदी होती, बाण होते, तीन रंग होते. भोकं नव्हती. पाण्याचा निचरा हा आमच्या पहिल्या वर्षाचा विषय. तो कागदावर लिहावा लागतो असं मला वाटलंच नव्हतं, आणि भांड्याला मुद्दाम भोक असतं असं काकांना.

"खिळा आण," ते शेवटी म्हणाले. मी जाड खिळा आणि हातोडी आणली. त्यांनी खिळा पत्र्याच्या तळाशी टेकवला, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. आयुष्यभर लोकांच्या वस्तूंची भोकं बुजवलेला माणूस.

"माझ्याच्यानं व्हायचं नाय. तू मार कॉलेज."

त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मी घाव घातला. गढूळ, कुबट पाण्याची धार सुटली ती थेट त्यांच्या चपलांवर. एक, दोन, सहा भोकं पाडली, मग दुसऱ्या वाफ्यालाही. धारा वाहत राहिल्या. फरशीवरून पाणी रस्त्यापर्यंत गेलं.

आई खुर्चीतून उठून आली होती. "म्हणजे हात गेला नव्हता?"

"हात तुमचाबी शाबूत आणि माझाबी," काका चपला झटकत म्हणाले. "ह्या पोरीचं डोकं तेवढं दाखवून आणा कुठं तरी."

आईनं त्याच वाफ्यात पुन्हा मेथी पेरली. ती अशी आली की शेजारणी कंपाउंडवरून डोकावायला लागल्या. पहिली जुडी घेऊन आई रिक्षानं स्वतः काकांच्या दुकानात गेली.

"कालची नाय ना?"

"माझ्याकडं कालची नसतीच."

"मग भांडताय कशाला?"

शेजारणींनंतर बंगलेवाले आले. कुणाला गच्चीवर हवं, कुणाला सासूबाईंसाठी. मी सुट्टीच्या दिवशी परसबागा आखून द्यायला लागले आणि पत्र्याचं सगळं काम काकांचं. मी आता माणसाचं माप आधी घेते, जागेचं नंतर, आणि नकाशात भोकं लाल पेन्सिलीनं काढते. त्याचा उपयोग शून्य. काकांनी एकाही वाफ्याला भोक पाडलं नाही. वाफा तयार झाला की पाणी भरायचे, मला बोलावायचे, खाली तळहात धरायला लावायचे. "गळतंय का? बघून घे." माझा हात कोरडा निघाला की पाणी ओतून देऊन वाफा पालथा घालायचे, खिळा-हातोडी माझ्यापुढं सरकवायचे आणि बोळाकडं तोंड करून उभे राहायचे. "आता काय वाटोळं करायचं ते कर."

मी मारायची. दर घावाला त्यांची मान खांद्यात जायची. एकदा मी म्हटलं, "काका, एवढं दुखतं तर तळ बंद करताच कशाला?" तर म्हणाले, "गळवायचं तुझं काम हाय. माझं मी करतो."

गेल्या माघात दुकान दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुमची एक मोठी पेटी तयार आहे. पाणी भरून ठेवलंय त्यात. ते ओतून देऊ का?"

मी म्हटलं, नको, मी येते.

वाफा काठोकाठ भरलेला होता. मी सवयीनं खाली हात धरला. कोरडा. खिळा आणि हातोडी काठावर ठेवलेली होती, माझ्यासाठी. मी हातोडी उचलली. पण तोंड फिरवायला समोर कुणी नव्हतं. मी ती खाली ठेवली.

तो वाफा आता आमच्या अंगणात आहे. त्यात माती नाही, पाणी आहे. बाकीच्या वाफ्यांसाठी आई त्यातूनच झारी बुडवून घेते, तीच जुनी, बुडाला तुकडा लावलेली. दोन्हीतून थेंब गळत नाही. मांडवावर दोडका तिच्या बोटांच्या टोकापर्यंत आला आहे, त्याच्या वरचा कावळ्यांचा.

आणि आई मेथी उभी राहून काढते.