रक्तातलं की चुलीतलं

नागभीडच्या एका शाळेत आम्ही रक्ताचे नमुने घ्यायला बसलो होतो. मुलांच्या रक्तातले घटक आई-बापांशी किती जुळतात ते तपासायचं होतं, म्हणून सगळ्यांना उपाशीपोटी बोलावलं होतं.

एक बाई नवऱ्याला आणि लेकीला पुढे घालून आल्या. पदर खोचलेला, नजर थेट पोलिसाची.

“काही खाल्लं का, भाऊ?” मी नवऱ्याला विचारलं.

“नाई जी,” म्हणत त्यानं कान खाजवला. लेकही “नाई” म्हणाली आणि तिनंही कान खाजवला.

बाई फिसकन हसल्या. “दोघंबी पोहे खाऊन आले. खोटं बोलले का यायचा हात कानाले जाते. पोरीनं तेच उचललं. जुळते का नाई, हे पाहाले सुई काऊन टोचता जी?”

“मग निदान तुमचं तरी घेऊ. तुम्ही उपाशी ना?”

“मंग! चहाबी नाई घेतला,” बाई ठसक्यात म्हणाल्या, आणि त्यांचा हात कानाकडे गेला.

तिघांनाही मी उद्या या म्हणून सांगितलं. लेकीत ते बापाच्या रक्तातून आलं, असं म्हणता येईल. पण बाईंचं आणि नवऱ्याचं नातं तर फक्त एका चुलीचं.